दम्याची औषधं देताना: वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

दम्याच्या रुग्णाच्या केसपेपरवर औषधांची नावं बहुतेक वेळा तीच असतात: अस्थालिन (म्हणजे सालब्युटामॉल), ड्युओलिन, ब्युडेकॉर्ट (म्हणजे ब्युडेसोनाइड, एक स्टेरॉइड), हायड्रोकॉर्टिसोन, डेरिफायलिन (थिओफायलिनच्या जातीचं), मॉन्टेल्युकास्ट. नावं पाठ व्हायला आठवडा पुरतो. शिकायचं असतं ते वेगळंच. दम्याचं मुख्य औषध श्वासातून द्यावं लागतं आणि ते छातीत किती पोचतं हे देणाऱ्याच्या हातावर ठरतं. शिरेतून दिलेलं औषध रक्तात जातंच. पंपाचा फवारा जिभेवर आणि घशात बसला, तर चार्टवर ‘दिलं’ असं दिसतं आणि रुग्ण धापच टाकत राहतो. मग डॉक्टर डोस वाढवतात, आणि चूक डोसात नसते.

दम्यात श्वासनलिकेत तीन गोष्टी घडतात. भोवतीचे स्नायू आवळतात, आतल्या अस्तराला सूज येते आणि चिकट कफ अडकतो. सालब्युटामॉलसारखी आराम देणारी औषधं फक्त स्नायू सैल करतात. सूज उतरवायचं काम स्टेरॉइडचं. पहिलं मिनिटांत काम करतं, दुसऱ्याला तास लागतात, आणि रोजच्या पंपातलं स्टेरॉइड असेल तर दिवस-आठवडे. हा फरक लक्षात असला की पुढचा सगळा क्रम आपोआप समजतो.

औषधाच्या ट्रेला हात लावण्याआधी

रुग्णाला एक प्रश्न विचारा आणि उत्तर ऐका. पूर्ण वाक्य बोलतो, की दोन-तीन शब्दांनंतर थांबून श्वास घेतो? मग श्वास एक मिनिट पूर्ण मोजा, नाडी पाहा, ऑक्सिमीटर लावा, मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू आत ओढले जातात का ते पाहा. मोठ्या माणसात श्वास मिनिटाला ३० च्या वर, नाडी १२० च्या वर, ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली, पीक फ्लो (जोरात फुंकल्यावर मीटरवर दिसणारा हवेचा वेग) त्याच्या नेहमीच्या चांगल्या आकड्याच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली, यातलं काहीही दिसलं तर झटका तीव्र समजा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. नेब (नेब्युलायझर, औषधाचं धुकं बनवणारं यंत्र) लावून मग कळवू, असं करू नका. दोन्ही एकदम करायचं.

स्टेथोस्कोपबद्दल एक गोष्ट इथेच नीट समजून घ्या. घरघर ऐकू येते म्हणजे हवा आत-बाहेर जातेय. घरघर कमी झाली आणि रुग्णही मोकळा वाटतोय, तर सुधारणा. घरघर थांबली पण रुग्ण घामाघूम, सुस्त, गोंधळलेला आहे, तर श्वासाच्या नळ्या इतक्या बंद झाल्यात की आवाज करायलाही हवा पुरत नाही. अशा शांत छातीचा रुग्ण काही मिनिटांत व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. रक्तवायू तपासणीतही असंच असतं. जोरजोरात श्वास घेणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड कमी यायला हवा. तो ‘नॉर्मल’ आला तर रुग्ण दमत चाललाय, असं समजा. आणि बेचैन दम्याच्या रुग्णाला झोपेचं इंजेक्शन कधीही नाही. ती बेचैनी ऑक्सिजन कमी पडल्याची असते.

रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी बोलताना एवढं विचारून केसपेपरवर लिहा: घरी पंप कोणता, शेवटचा कधी घेतला, किती वेळा घेतला; पूर्वी दम्यासाठी आयसीयूत किंवा व्हेंटिलेटरवर होते का; घरी थिओफायलिनच्या गोळ्या चालू आहेत का; मधुमेह, हृदयविकार, काचबिंदू आहे का; बाई असेल तर गरोदर आहे का. काचबिंदूचा थेंब चालू असेल तर त्याचं नाव वाचाच. टिमोलॉल डोळ्यात घातला तरी रक्तात शोषला जातो आणि नळ्या आवळू शकतो. प्रोप्रानोलॉलच्या गोळीचंही तसंच. डोकेदुखी-अंगदुखीसाठी अॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यानंतर त्रास सुरू झाला का, हेही विचारा. काही रुग्णांत या गोळ्यांनी तीव्र झटका येतो.

झटक्यातला पहिला तास

ऑक्सिजन आधी. मोठ्या माणसात ९३ ते ९५ टक्के आणि लहान मुलांत ९४ ते ९८ टक्के राहील एवढाच द्या. १०० टक्के दिसलं पाहिजे म्हणून फ्लो वाढवत नेऊ नका.

मग सालब्युटामॉल. नेब्युलायझरमधून मोठ्यांना २.५ ते ५ मिलिग्रॅम, पहिल्या तासात दर २० मिनिटांनी, तीन वेळा. परिणाम पाच मिनिटांत दिसू लागतो आणि चार ते सहा तास टिकतो. तीव्र झटक्यात मात्र तेवढा टिकत नाही, म्हणूनच पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. स्पेसर (पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं) लावून पंपाने ४ ते १० फवारे दर २० मिनिटांनी दिले तरी सौम्य-मध्यम झटक्यात तेवढाच फायदा होतो. लाइट गेली किंवा मशीन दुसऱ्या खाटेवर अडकलं तर वाट पाहत बसू नका, स्पेसर काढा.

त्यासोबत इप्राट्रोपियम, मोठ्यांना ५०० मायक्रोग्रॅम, लहान मुलांत साधारण २५०. याचा फायदा तीव्र झटक्याच्या पहिल्या काही तासांत जास्त.

इथे नव्या माणसाकडून हमखास होणारी गडबड अशी. ड्युओलिनमध्ये इप्राट्रोपियमबरोबर लेव्होसालब्युटामॉल आधीच असतं. ऑर्डरमध्ये ड्युओलिन आणि अस्थालिन दोन्ही लिहिलेलं असेल आणि तुम्ही दोन्ही एकाच कपात ओतलं, तर एकाच जातीचं औषध दुप्पट गेलं. कधी डॉक्टरांना तेच हवं असतं, कधी दोन वेगळ्या राउंडमध्ये दोन वेगळ्या हातांनी लिहिलेलं असतं. विचारून घ्या. शिवाय लेव्होसालब्युटामॉलचा १.२५ मिलिग्रॅम हा सालब्युटामॉलच्या २.५ मिलिग्रॅमइतका असतो. आकडा निम्मा दिसतो म्हणून दोन रेस्प्युल (नेबच्या औषधाच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या) फोडू नका.

दुसरी गडबड बाटलीची. रेस्प्युलमध्ये सालब्युटामॉल २.५ मिलिग्रॅम २.५ मिलीमध्ये, म्हणजे तयार, तसंच ओतायचं. रेस्पिरेटर सोल्युशनची छोटी बाटली मात्र पाचपट दाट, ५ मिलिग्रॅम प्रति मिली. त्यातलं अर्धा मिली घ्यायचं आणि नॉर्मल सलाइन घालून ३ मिली करायचं. डिस्टिल्ड वॉटर घालू नका. त्यात क्षार नसल्यामुळे त्याच्या वाफेनेच नळ्या आवळू शकतात.

नेब नीट कसं लावायचं

१. हात धुवा. रुग्णाला बसवा किंवा पाठ उंच करा. आडव्या रुग्णाच्या फुफ्फुसाच्या तळापर्यंत औषध नीट जात नाही.

२. कपात एकूण ३ ते ४ मिली औषध हवं. साधारण एक मिली कपाच्या तळाशी आणि भिंतींवर उरतंच, त्यामुळे दीड-दोन मिलीच भरलं तर निम्मं वाया जातं. ब्युडेसोनाइड द्यायचं असेल तर रेस्प्युल हलकं हलवून घ्या, कारण ते विरघळलेलं नसतं, तळाशी बसतं. सालब्युटामॉल, इप्राट्रोपियम आणि ब्युडेसोनाइड एकत्र चालतात. ब्युडेसोनाइड अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये घालू नका, ते जेटच्या मशीनमधूनच नीट उडतं.

३. तीव्र झटक्यात मशीनपेक्षा ऑक्सिजनवर नेब लावणं चांगलं. फ्लो ६ ते ८ लिटर. नळी थेट फ्लोमीटरला जोडा, पाण्याच्या बाटलीतून नाही. बाटलीमुळे दाब कमी पडतो आणि धुकं नीट बनत नाही. मशीनवरच लावायचं झालं तर नाकातून ऑक्सिजन चालू ठेवा. सालब्युटामॉलने नळ्या उघडताना ऑक्सिमीटरचा आकडा थोडा वेळ एक-दोन टक्क्यांनी उतरू शकतो.

४. मास्क चेहऱ्याला लागून बसवा. लहान मूल रडतंय म्हणून मास्क दोन बोटं लांब धरला तर औषध हवेत जातं. रडणारं मूलही खोल श्वास घेत नाही. आईच्या मांडीवर बसवून, आईच्याच हाताने मास्क धरवलेला बरा.

५. काचबिंदू असेल तर मास्कऐवजी तोंडात धरायची नळी वापरा. इप्राट्रोपियम मास्कच्या कडेतून डोळ्यात गेलं तर बाहुली मोठी होऊन डोळ्यातला दाब वाढू शकतो. डोळा दुखतो, दिव्याभोवती वलयं दिसतात असं रुग्ण म्हणाला तर लगेच कळवा.

६. नेहमीसारखा, शांत श्वास. मधूनमधून एक खोल. कपाला बोटाने टिचकी मारत राहा म्हणजे भिंतीवरचे थेंब खाली येतात. साधारण दहा मिनिटांत फडफड आवाज येऊ लागला की झालं.

७. संपल्यावर पुन्हा नाडी, श्वास, ऑक्सिमीटर, छातीचा आवाज. चार्टवर औषधाची वेळ लिहाल तसे आधीचे आणि नंतरचे आकडेही लिहा. पुढचा निर्णय डॉक्टर त्या दोन आकड्यांतल्या फरकावरूनच घेतात.

स्टेरॉइडचं नेब मास्कने दिलं असेल तर चुळा भरवा आणि चेहराही पुसून घ्या. कप धुऊन, झटकून, पूर्ण वाळवून ठेवा. एका रुग्णाचा मास्क-कप दुसऱ्याला नाही, कितीही घाई असली तरी.

सालब्युटामॉलनंतर हात थरथरणं आणि छाती धडधडणं अपेक्षित असतं. रुग्णाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो पुढचं नेब नाकारतो. जास्त काळजी पोटॅशियमची. सालब्युटामॉल, स्टेरॉइड आणि थिओफायलिन तिन्ही पोटॅशियम उतरवतात. वारंवार नेब चालू असलेल्या रुग्णाचा रिपोर्ट ३.५ च्या खाली आला, किंवा पाय गळाले, ठोका चुकतोय असं तो म्हणाला, तर डॉक्टरांना कळवायला थांबू नका. अजून एक चकवा आहे. खूप नेब झाल्यावर घरघर कमी, ऑक्सिजन बरा, पण श्वासाची गती मात्र वाढतेय असं दिसलं, तर रक्तात लॅक्टेट साठलं असू शकतं. तिथे आणखी सालब्युटामॉल देऊन बिघडतं. डॉक्टरांना हे तसंच, शब्दशः सांगा.

स्टेरॉइड: लवकर सुरू, नीट मोजून

पहिल्या तासातच जायला हवं, कारण परिणामाला निदान चार तास लागतात. गिळू शकणाऱ्या रुग्णाला प्रेडनिसोलोनची गोळी इंजेक्शनइतकीच काम करते. मोठ्यांना दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅम, साधारण ५ ते ७ दिवस. मुलांना किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, कमाल ४०, तीन ते पाच दिवस. उलटी होत असेल किंवा बोलताही येत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, दर सहा तासांनी. व्हायलमधली पावडर सोबतच्या पाण्यात पूर्ण विरघळू द्या आणि काही मिनिटं घेऊन सावकाश द्या.

साखर सहा-सहा तासांनी तपासा, मधुमेह नसला तरी. गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. रात्री दिली तर झोप उडते आणि ते दम्यामुळे वाटतं. पाच-सात दिवसांचा कोर्स हळूहळू कमी करत न्यावा लागत नाही, पण मधेच बंदही करायचा नसतो. घरी गेल्यावर ‘बरं वाटलं’ म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडणारे रुग्ण आठवड्यात परत येतात.

मॅग्नेशियम सल्फेट

पहिल्या तासाच्या औषधांनी न सुटलेल्या तीव्र झटक्यात २ ग्रॅम, एकदाच, २० मिनिटांत शिरेतून. आपल्याकडे मिळणारा ५० टक्क्यांचा अँप्यूल २ मिलीचा असतो, त्यात १ ग्रॅम. म्हणजे दोन अँप्यूल, ४ मिली, १०० मिली नॉर्मल सलाइनमध्ये. वेगळ्या टक्केवारीचे अँप्यूलही येतात, म्हणून प्रत्येक वेळी लेबल वाचा आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवून घ्या. प्रसूतिकक्षात आकडीसाठी (फिटसाठी) दिला जाणारा मॅग्नेशियमचा डोस याच्यापेक्षा खूप मोठा असतो. तिथून बदली होऊन आलेल्यांनी इथे हात सांभाळावा.

चालू असताना दर पाच मिनिटांनी रक्तदाब. अंगात ऊब पसरल्यासारखं वाटतं, चेहरा लाल होतो, ते चालतं. दाब पडला, गुडघ्याचा रिफ्लेक्स गेला किंवा श्वास मंदावला तर ड्रिप बंद करून डॉक्टरांना बोलवा. उतारा म्हणून १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली ट्रेमध्ये आधीच ठेवलेलं असावं. किडनीचा आजार असेल तर सुरू करण्याआधीच सांगा.

डेरिफायलिन आणि थिओफायलिन

हे औषध आपल्याकडे अजून सर्रास वापरलं जातं. दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी जीना ही संस्था तीव्र झटक्यात ते शिरेतून देऊ नये असं सांगते, कारण सालब्युटामॉलपेक्षा फायदा कमी आणि धोका जास्त. तरीही ऑर्डर येते, म्हणून ते सुरक्षित देता यायला हवं.

उपयोगाची आणि विषारी पातळी यात अंतर फार थोडं आहे. रक्तात मिलीलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की मळमळ, उलटी, डोकेदुखी, धडधड; त्याहून वर गेलं की ठोके बिघडणं आणि आकडी. आधी उलटी, मग आकडी असा क्रम दर वेळी मिळत नाही. म्हणून घरी गोळी चालू असेल तर शिरेतला डोस देण्याआधी डॉक्टरांना सांगणं तुमच्याच हातात. सिरिंजने एकदम ढकलू नका. सलाइनमध्ये मिसळून सावकाश, आणि मॉनिटर लावून. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन सुरू झालं की थिओफायलिनची पातळी चढते. टीबीसाठी रिफाम्पिसिन घेणाऱ्यात आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यात ती उतरते; आणि अशा माणसाची विडी दवाखान्यात आल्यामुळे सुटली तर त्याच डोसावर चढू लागते. लांब काम करणारी गोळी कुटून राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) देऊ नका.

रोजचे पंप: शिकवणं हाच डोस

फोराकॉर्ट, सेरोफ्लो, ब्युडेकॉर्ट ही झटका येऊ न देण्याची औषधं. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती घराघरात आहे. तिला उत्तर साधं द्या: ब्युडेकॉर्टचा फवारा २०० मायक्रोग्रॅमचा असतो, म्हणजे स्टेरॉइडच्या ४० मिलिग्रॅमच्या गोळीचा दोनशेवा भाग, आणि तो थेट छातीत जातो. पंप टाळून वर्षातून चार वेळा गोळ्यांचा कोर्स घेणाऱ्याच्या अंगात किती जास्त स्टेरॉइड जातं, ते त्याला आकड्यात दाखवा. नुसत्या अस्थालिनवर दमा सांभाळणं जीनाने २०१९ पासून नाकारलं आहे. वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त अस्थालिन संपत असतील तर झटक्याचा धोका वाढलेला असतो. बिलं पाहा, रिकामे डबे मोजायला सांगा. फोराकॉर्टमधलं फॉर्मोटेरॉल लवकर काम करतं, म्हणून डॉक्टर तोच पंप रोज आणि गरजेलाही देतात. सेरोफ्लोमधलं साल्मेटेरॉल सावकाश काम करतं. तो धाप लागल्यावर घ्यायचा पंप नव्हे.

‘पंप घेता येतो का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘काका, घेऊन दाखवा’ म्हणा आणि गप्प पाहा.

फवाऱ्याचा पंप: टोपण काढा, हलवा, नवा असेल तर आधी काही फवारे हवेत सोडा. श्वास पूर्ण बाहेर. ओठ घट्ट. सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात करून लगेच दाबा, चार-पाच सेकंद ओढत राहा, मग दहा सेकंद रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. हात आणि श्वास जुळत नसेल, आणि बहुतेकांचा जुळत नाही, तर स्पेसर. स्पेसरमध्ये एका वेळी एकच फवारा आणि पाच-सहा शांत श्वास. दोन फवारे एकदम सोडले की थेंब एकमेकांना चिकटून भिंतीवर बसतात. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा. फडक्याने पुसला तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध प्लास्टिकलाच चिकटतं.

रोटाहेलर (कॅप्सूलमधली पावडर ओढायचं साधन) याच्या उलट. इथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा, कारण पावडर उडवायला रुग्णाचाच जोर लागतो. कॅप्सूल पारदर्शक बाजू खाली करून चौकोनी भोकात दाबा, तळ फिरवा, श्वास बाहेर सोडताना तोंड बाजूला करा. आत फुंकर मारली की ओलाव्याने पावडरचा गोळा होतो. घेतल्यावर आत पावडर उरली का पाहा. उरली तर पुन्हा ओढायची. कोकणात पावसाळ्यात कॅप्सूल मऊ पडतात, नीट फुटत नाहीत. डबी घट्ट बंद ठेवायची, कॅप्सूल घ्यायच्या वेळीच काढायची. आणि ती गिळायची नाही, हे स्पष्ट सांगा. कॅप्सूल दिसली की ती गोळी समजून पाण्याबरोबर घेणारे आजी-आजोबा कमी नाहीत.

स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो आणि आवाज बसतो. पंप पाण्यात तरंगतो का पाहून उरलेलं औषध कळत नाही. १२० फवाऱ्यांचा पंप सकाळ-संध्याकाळ दोन-दोन घेतला तर ३० दिवसांत संपतो. सुरू केल्याची तारीख डब्यावर पेनने लिहून द्या. १२० नंतरही फुसकन हवा येते, औषध नाही.

मॉन्टेल्युकास्टची गोळी रात्री: मोठ्यांना १० मिलिग्रॅम, ६ ते १४ वर्षांना ५, २ ते ५ वर्षांना ४. मुलाला वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, जिवाला काही करून घ्यायचे विचार येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२० मध्ये याबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आई-वडिलांना हे सांगितल्याशिवाय पाकीट देऊ नका. असं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर.

ओमालिझुमॅबसारखी कातडीखालची इंजेक्शनं मोठ्या रुग्णालयांत, मोजक्या रुग्णांना. ती दिल्यावर अॅनाफायलॅक्सिस (जिवावर बेतणारी अॅलर्जी) होते का ते पाहायला रुग्णाला बसवून ठेवायचं आणि अॅड्रेनालिन जवळ ठेवायचं.

घरी सोडताना

कागदावर मराठीत, ठळक अक्षरात दोन गोष्टी लिहून द्या: ‘रोज’ कोणता पंप, ‘धाप लागल्यावर’ कोणता. रंगावर भरवसा नको, कंपनी बदलली की रंग बदलतो. त्याखाली: आरामाचा पंप चार तासांच्या आत पुन्हा लागला, रात्री धाप लागून जाग आली किंवा बोलता येईना, तर थेट दवाखाना. गरोदर बाईला सांगा की पंप चालू ठेवायचा, बाळाला धोका झटक्याचा असतो. मच्छर कॉइल, धूप, चुलीचा धूर, विडी, खोलीतल्या झाडणीची धूळ, यातलं घरात काय आहे ते विचारून तेवढ्यावरच बोला. पुढची तपासणी दोन ते सात दिवसांत, मुलांची एक ते तीन दिवसांत. तारीख आणि वार लिहा, आणि येताना सगळे पंप पिशवीत घालून आणायला सांगा.